मदत हवी आहे : स्थलांतरित मुलांच्या चित्रांतील गाव आणि देव

सप्रेम नमस्कार. डिचोलीतील एका मराठी प्राथमिक शाळेत मी तिसरीला शिकवते. चतुर्थीनंतर ‘आमच्या घरचा देव’ हा चित्राचा विषय दिला, तेव्हा ओडिशाहून आलेल्या मजुराच्या मुलीने वाटोळ्या डोळ्यांचा जगन्नाथ चक्क आपल्या गोव्याच्या माटोळीखाली (चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची आरास) बसवला, तर बिहारच्या मुलाने छठपूजेचे सूप घेऊन पाण्यात उभी असलेली आई काठावरच्या घरांहूनही उंच काढली. सात ते नऊ वर्षांची मुले महत्त्वाची गोष्ट मोठी काढतात, हे कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ सालीच मांडले आहे. परंतु चित्रातली ओढ गावाची किती, देवाची किती आणि शेजारच्या बाकावरून उचललेली किती (माटोळी बहुधा तिथलीच), हे मुलांना न अवघडवता कसे विचारावे? अशा वर्गांत शिकवलेल्यांनी आपली पद्धत कृपया कळवावी.