रॅम नंतर वाढवता येईलच असं नाही
लॅपटॉप घेताना 'आत्ता ८ जीबीचा घ्या, रॅम काय, नंतर वाढवता येते' असा सल्ला दिला जातो. एसएसडीबद्दल (फाइली साठवायची ड्राइव्ह) ते बहुतेक वेळा खरं आहे, रॅमबद्दल (चालू कामासाठीची मेमरी) नाही. मीही याच भरवशावर स्वस्तातला पातळ लॅपटॉप घेतला. वर्षभरात ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडले की धापा टाकू लागला, म्हणून मागचे स्क्रू काढले (एक अजून सापडायचाय), तर आत रॅम बसवायचा स्लॉटच नाही! रॅमच्या काळ्या चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या, म्हणजे काढून बदलता न येणाऱ्या.

स्पेसिफिकेशनमध्ये 'एलपीडीडीआर४एक्स' किंवा 'एलपीडीडीआर५' हे रॅमचे प्रकार दिसले तर ती रॅम जवळजवळ नेहमी सोल्डर केलेलीच असते. नुसतं डीडीआर४ किंवा डीडीआर५ असेल तर आशा आहे, पण तिथेही काही मॉडेलमध्ये फसगत होते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये 'एसओ-डिम' (SO-DIMM, म्हणजे काढता-घालता येणारी रॅमची पट्टी) हा शब्द शोधा. नसेल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या, प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल.