गोजू-र्‍यू : सहा महिने एकच काता, बरोबर आहे का?

चाळीसगावकर : मुलगी ११ वर्षांची. दिवाळीपासून कराटेला जाते. सर सानचिन नावाचा एकच काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) घोटून घेतात. तीन पावलं पुढे, वळायचं, परत पुढे. शेजारचा पोरगा दुसऱ्या क्लासला, त्याला केशरी बेल्टही मिळाला. आमची आई रोज विचारते, "ही पोर काय करी रायनी?" हे गोजू-र्‍यू आहे तरी काय? चिनी की जपानी?

भुसावळचा भाऊ : दादा, क्लास बदलू नका.

ही कराटेची एक शैली, मूळ जपानच्या ओकिनावा बेटावरच्या नाहा गावची. तिथले हिगाओन्ना कानर्‍यो चीनमध्ये फूजौला जाऊन शिकून आले. त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८–१९५३). शैलीला नावच नव्हतं! १९३० मध्ये मियागींचा शिष्य शिंझातो टोकियोत काता दाखवायला गेला, कुणीतरी शैलीचं नाव विचारलं आणि त्याची पंचाईत झाली, असं सांगतात. पुढे मियागींनी 'बुबिशी' या जुन्या ग्रंथातली ओळ धरली : श्वास घेण्या-सोडण्यात कठोर आणि मऊ दोन्ही आहे. गो म्हणजे कठोर, जू म्हणजे मऊ.

आता सानचिन. मुलीचे पाय बघा : पुढच्या पायाची टाच मागच्या अंगठ्याच्या रेषेत, गुडघे जरा आत. सर मागून खांद्यावर थाप मारतात ना? खांदा वर उचललेला असला की लगेच कळतं. खांदा सैल, काख घट्ट. एकाच अंगात दोन्ही एकदम, मला हे जमायला दोन वर्षं लागली. (तिचा चेहरा लाल होऊन घशातून 'खर्र' आवाज येत असेल तर मात्र सरांना सांगा. श्वास बेंबीखालून हवा.)

आमच्याकडे मनगटासाठी मडकी होती. वाळू भरायची, काठ बोटांनी धरून चालायचं. मी मे महिन्यात आईचा नवा माठ घेतला, दहाव्या पावलाला फुटला. पाठीवर पडलेली थाप मात्र निव्वळ 'गो' होती.

यावल_केळी : भांडणात काताचा काय उपयोग? सरळ कुस्ती शिकवा, आपल्याकडे तालमी आहेत.

भुसावळचा भाऊ : कुस्ती भारीच. पण तालमीतही पोराला पहिले महिने जोर-बैठकाच काढाव्या लागतात ना?

चाळीसगावकर : काल तिला अंगणात उभं केलं. मी कमरेला धक्का दिला, हलली नाही. माझीच चप्पल सुटली. आजी काही बोलली नाही, पण आज सकाळी क्लासच्या वेळेला स्वतःच पोरीला उठवत होती. बरं, ते मडकं किती मोठं हवं?

भुसावळचा भाऊ : तिच्या पंजात तोंड मावेल एवढंच, आणि सुरुवातीला रिकामं. आणि दादा, घरातला माठ नको. कुंभाराकडून आणा.