त्रिमितीय भूगर्भीय मॉडेल वेगवेगळ्या लोकांना कसं दाखवता?

थरथर
नमस्कार मंडळी. एका बोगद्यासाठी 42 बोअरहोलांवरून (खडक तपासायला जमिनीत पाडलेली खोल भोकं) मॉडेल केलंय: चार थर आणि एक भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकलेत ती भेग. सभेत ते स्क्रीनवर चारही बाजूंनी फिरवून दाखवलं. संपल्यावर एका बाईंनी विचारलं, "यात माझं घर कुठंय?" मला पटकन बोट ठेवता आलं नाही, तेव्हापासून ते मनात घोळतंय. पुढच्या महिन्यात रहिवासी, अभियंते आणि मंजुरी देणारे अधिकारी असे तीन गट आहेत. एकच सादरीकरण चालेल का?

खडकवाचक
नाही चालणार. कुठून सुरुवात करायची ते त्या बाईंनीच सांगितलंय.

रहिवाशांसमोर मॉडेल फिरवूच नका. फिरणाऱ्या ठोकळ्यात वर-खाली, उत्तर-दक्षिण कुणालाच कळत नाही. त्यांच्या ओळखीचा रस्ता घ्या आणि त्याच्या कडेने उभा छेद काढा, म्हणजे जमीन उभी कापली तर दिसेल तसं चित्र. वर घरं, झाडं, विहिरी जागच्या जागी. खाली थर, पाण्याची पातळी आणि बोगदा. तो मोठ्या कागदावर छापून टेबलावर पसरा. माणसं वाकून बघतात, बोट ठेवतात, मग खरे प्रश्न येतात.

अभियंत्यांना बोगद्याच्या अक्षावरचा छेद द्या, आणि उभं-आडवं प्रमाण सारखं ठेवा. यात मी एकदा चांगलाच फसलोय. थर नीट दिसावेत म्हणून उभं प्रमाण दहापट ताणलं होतं. 5 अंशांची नती (थराचा उतार) कागदावर 41 अंशांची दिसायला लागली. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं कुणी वाचलं नाही, आणि अर्धी बैठक नसलेल्या उतारावर गेली. ताणायचंच असेल तर शेजारी न ताणलेला छेदही लावा.

अधिकाऱ्यांना एकच चित्र पुरे: बोगदा भ्रंशाला कुठे छेदतो, आणि तिथलं आपल्याला किती पक्कं ठाऊक आहे. मॉडेल सगळीकडे सारखंच गुळगुळीत दिसतं, त्यामुळे बघणाऱ्याला सगळंच सारखं खात्रीचं वाटतं. बोअरहोलांच्या काठ्या दिसू द्या. त्यांच्यापासून लांब जाल तसा रंग फिका करा, अंदाजाने जोडलेली सीमा तुटक ठेवा. हे तिन्ही गटांना दाखवा, कृपा करून.

लाकूडकाम
हातात देता येईल असं काही करून बघा. थॉमस सॉपविथ यांनी 1841 मध्ये इंग्लंडमध्ये थर आणि भ्रंश समजावायला लाकडाची मॉडेल्स केली होती. आता थ्रीडी प्रिंटरवर प्रत्येक थर सुटा छापता येतो. वरचा थर उचलला की खालचा भ्रंश आपोआप कळतो, सांगावं लागत नाही.

रंगारी
लाल-हिरवे थर शेजारी नकोत. साधारण 12 पुरुषांत एकाला त्यांतला फरक नीट दिसत नाही. चित्र एकदा करड्या छटांत छापून बघा, थर वेगळे ओळखू आले पाहिजेत.

थरथर
मनापासून आभार. आत्ताच मोजलं: त्या बाईंच्या घरापासून सगळ्यात जवळचं बोअरहोल 140 मीटरवर आहे. छेद त्यांच्याच रस्त्याने काढते, आणि त्यांच्या घराखाली रंग फिका ठेवते.