स्लो पिच सॉफ्टबॉलमधलं ‘स्टील’ मराठीत कसं लिहायचं?

राजेंद्रनगरकर: इंदूरला मैदानावरचा माइक हिंदीत बोलतो, ‘सेकंड बेस चुरा लिया’. मराठी वृत्तात ‘चोरटी धाव’ लिहिलं तर? आणि स्लो पिचमध्ये स्टील असतं तरी का?

स्कोअरर: ‘चोरटी धाव’ नको, ती क्रिकेटची. स्टीलमध्ये रनर (बेसवरचा खेळाडू) बॅटला चेंडू न लागता पळून पुढचा बेस मिळवतो. धाव फक्त होम (बॅटरजवळचा शेवटचा बेस) चोरलं तरच. ‘बेस चोरला’ बरं, ‘स्टील’ त्याहून बरं. वाइल्ड पिच (पिचरचा भरकटलेला चेंडू), कॅचरच्या हातून सुटलेला चेंडू, वॉकमुळे (चार बॉलवर बॅटरला मिळालेल्या पहिल्या बेसमुळे) पुढे सरकणं, ओव्हरथ्रो (क्षेत्ररक्षकाची चुकलेली फेक), यांतलं काहीच एसबीच्या (स्टोलन बेस, म्हणजे स्टीलच्या) रकान्यात जात नाही. झेल पकडल्यावर टॅग-अप करून (आपल्या बेसला पाय लावून) पळणं हेही स्टील नव्हे. मुलांचे आईबाप नेमकं त्यालाच टाळ्या वाजवत ‘स्टील’ म्हणतात!

प्लेट अंपायर: भिया, आधी खेळ कोणता ते बघा. फास्ट पिचमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटला की रनर बेस सोडू शकतो. बेसबॉलसारखी लीड (चेंडू टाकण्याआधीच बेस सोडून पुढे उभं राहणं) तिथेही नाही.

स्लो पिचमध्ये चेंडू कमानीतून येतो. दहा फुटांपर्यंत चढून उतरायला त्याला सव्वा ते दीड सेकंद लागतो. चेंडू हातून सुटताच पळू दिलं तर दोन बेसमधल्या ६५ फुटांतले १५-२० फूट रनरला फुकट. कॅचरने थ्रो करायचा तरी कोणाला? म्हणून बहुतेक स्पर्धांत स्टील नाहीच: न मारलेला चेंडू डेड होतो (खेळ थांबतो), रनर मूळ बेसवर परत. मुभा असली, तरी चेंडू होम प्लेटशी पोचेपर्यंत किंवा प्लेटच्या अलीकडे टप्पा पडेपर्यंत पाय बेसला हवा. मुभा आहे का, हे स्पर्धेच्या नियमपत्रिकेत असतं, टॉसआधी कॅप्टनने विचारून घ्यावं.

राजेंद्रनगरकर: म्हणजे ‘स्टील नाही’ याचा अर्थ बेसवरून हलायचंच नाही, असा?

प्लेट अंपायर: नाही, बरेच जण इथेच गोंधळतात. चेंडू बॅटला लागला किंवा प्लेटशी पोचला की पाय उचलता येतो. मारला नाही तर परतायचं. त्याआधी उचलला तर डेड बॉल, नो पिच (तो चेंडू धरला जात नाही) आणि रनर बाद. फास्ट पिचमधून आलेली मुलं पिचरच्या हाताकडे बघून निघतात आणि हकनाक जातात. कोचने सांगावं, मागचा पाय बेसच्या कडेला, नजर बॅटवर. एकटाच अंपायर असेल तर लवकर सुटलेला पाय पकडणं कठीण, तेवढं मान्य.

स्कोअरर: मग वृत्तातही दोन वाक्यं वेगळी ठेवा. ‘स्टीलच्या प्रयत्नात टॅग होऊन (हातातला चेंडू रनरला लावल्याने) बाद’ म्हणजे चेंडू चालू होता, कॅचरचा थ्रो अचूक. ‘लवकर बेस सोडल्याने बाद’ यात टॅग लागतच नाही.

राजेंद्रनगरकर: आणि टॅग-अपला?

स्कोअरर: ‘झेलानंतर पुढे सरकला’. क्षेत्ररक्षकाच्या हाताला चेंडूचा पहिला स्पर्श झाला की निघता येतं, झेल पक्का होईपर्यंत थांबायची गरज नाही.