गोष्ट तासभर सांगतो, पण लिही म्हटलं की तीन ओळी. काय करू?

खवणीवाली_आई (नाशिक):
मुलगा सात वर्षांचा, पहिल्यापासून घरीच शिकतोय. मी पोळ्या लाटत असते तेव्हा ओट्याजवळ स्टुलावर बसून गोष्टी रचतो. परवाची गोष्ट होती खवणीची. खवणीचे दात दुखायला लागले म्हणून ती नारळ खायचीच बंद झाली, मग सगळे नारळ खूश, पण घरात चटणी नाही, मग विळीने तिला लवंग आणून दिली... शेवटची पोळी होईपर्यंत चालली होती. मला इतकी आवडली की लगेच वही दिली आणि म्हटलं लिहून काढ. अर्ध्या तासाने वहीत काय तर "खवणी. तिचे दात दूखतात. सपंली." मी दुखतातचा पहिला उकार आणि संपलीचा अनुस्वार नीट करून दिला तर वही मिटून खेळायला गेला, आणि तेव्हापासून गोष्टच सांगत नाहीये. चार दिवस झाले. खूप वाईट वाटतंय.

अजून एक, सासूबाई जळगावकडच्या, त्यांच्यामुळे तो 'मंग', 'पानी' असं बोलतो, तेही मी लिहिताना सुधारते. नातेवाईक तर विचारतातच की शाळा नाही तर निबंध कसा येणार. कुणाला असा अनुभव आहे का?

दोन_पिल्लं (कोल्हापूर):
अगं आमच्याकडे मोठीचं अगदी हेच झालेलं. तू काही दिवस त्याला लिहायला लावूच नकोस, तो सांगेल आणि तू लिही. पण जसं बोलेल तसंच लिहायचं हां, चार वेळा 'मंग मंग' म्हणाला तर चार वेळा, आपण वाक्य सुंदर करायला जायचं नाही. मग त्यालाच वाचून दाखव. माझी लेक ऐकताना मध्येच थांबवायची, "नाही, इथे वाघ आधी घाबरला होता, ते लिही." ती स्वतःची गोष्ट स्वतःच दुरुस्त करायला शिकली, कुणी न शिकवता.

आणि जळगावचं म्हणालीस म्हणून सांगते, बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर ओव्या सुचायच्या त्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने टिपून ठेवल्या. त्या १९५१ साली गेल्या आणि कविता पुस्तक होऊन आल्या १९५२ साली. त्यात 'मानूस' आहे, 'पानी' आहे, कुणी ते सुधारत बसलं असतं तर त्यातला जीवच गेला असता. आजीचे शब्द त्याच्या गोष्टीत राहू देत गं.

आम्ही पाठकोरे कागद मधोमध दुमडून सुईदोऱ्याने टाके घालतो, वर जुन्या लग्नपत्रिकेचं कव्हर. लेकीची अशी १९ पुस्तकं झालीत.

निवृत्त_गुरुजी (सांगली):
ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं होतो, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीला. सात वर्षांच्या मुलाला एका अक्षरात काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळं सांभाळावं लागतं, हात हळू चालतो आणि तोपर्यंत डोक्यातली खवणी दवाखान्यात पोचलेली असते. म्हणून तो तीन ओळींत उरकतो. हा आळस नाही.

शुद्धलेखन वेगळ्या वेळी घ्या. दुसऱ्या कुणाचा तरी उतारा, रोज चार-पाच ओळी, बघून लिहायच्या, त्यात ऱ्हस्व-दीर्घ खुशाल तपासा. त्याच्या गोष्टीवर मात्र पेन चालवू नका. आणि ऐकून नुसतं "छान" म्हणू नका, त्याने गोष्ट तिथेच संपते. विचारा की नारळांना नंतर काय वाटलं, लवंग विळीला मिळाली कुठून. वाचायला हवं तर 'किशोर' आहे, बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक साइटवर फुकट वाचता येतात. त्याला तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा.

घरचीशाळा_ठाणे:
वरचं सगळं पटलं पण एक सांगावंसं वाटतं. मी मुलासाठी नऊ वर्षांपर्यंत लिहीतच राहिले आणि नंतर तो पेन्सिल हातात धरेना. पुढे चौदा वर्षांचा झाल्यावर एनआयओएसमधून (म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, शाळेत न जाता परीक्षा देता येते ते) दहावी द्यायची म्हटलं तरी हाताने लिहावं लागणारच ना. मग आम्ही एक वाक्य तू, एक वाक्य मी असं सुरू केलं, त्याचं वाक्य दोन शब्दांचं असलं तरी चालेल. गावी आजोबांना पोस्टकार्डं लिहायला लावली, त्यांचं उत्तर आलं की हा स्वतःहून लिहायला बसायचा, कारण समोर वाचणारं माणूस होतं. आणि एवढं करूनही हात दुखतो म्हणत असेल किंवा आठ-नऊ वर्षांचा झाल्यावरही अक्षरं उलटीसुलटी होत असतील तर एकदा तज्ज्ञांना दाखव, त्यात कमीपणा नाही.

खवणीवाली_आई (नाशिक):
सगळ्यांना मनापासून थँक्यू. आठवडा झाला म्हणून लिहितेय. पहिले दोन दिवस काहीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी खोबरं खवताना गुरुजींचा प्रश्न विचारला, विळीला लवंग मिळाली कुठून? तर लगेच, "आजीच्या डब्यातून, मंग आजीला कळलंच नाही!" मी हात पुसून लिहायला घेतलं, पाच पानं झाली. रात्री वाचून दाखवलं तेव्हा मी एका ठिकाणी चुकून 'मग' लिहिलेलं त्याने पकडलं, पेन्सिल घेऊन स्वतः वर टिंब दिलं. शेवटच्या पानावर म्हणाला हे मी लिहिणार. लिहिलं, "खवणी हसली तीचे सगळे दात दीसले." तसंच ठेवलंय, उद्या टाके घालून जळगावला पाठवतोय.