लेआउटची कडपट्टी: गडद रंगाची हवी, आणि डोंगर घालायच्या आधी हवी

धागाकर्ता: सिग्नलकेबिन

मॉडेल रेल्वेच्या लेआउटांचे, म्हणजे फळ्यांवर उभारलेल्या छोट्या रेल्वे-देखाव्यांचे, फोटो पाहताना एक गोष्ट मला फार खटकते. रूळ देखणे, खडी नीट पसरलेली, सिग्नल उभे, झाडं एकेक करून लावलेली. आणि त्याच फोटोत खाली उघडी कड: प्लायचे थर, फोमचे ओबडधोबड कापलेले तुकडे, प्लास्टरचे सुकलेले ओघळ, लोंबणाऱ्या वायरी. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "ते शेवटी करू." ते शेवटी कधीच होत नाही.

माझी दोन ठाम मतं आहेत. पटत नसतील तर जरूर खोडून काढा.

पहिलं मत: कडपट्टी, म्हणजे लेआउटच्या पुढच्या कडेला बसणारा उभा फॅशिया, डोंगर-दऱ्या घालायच्या आधी बसवावा. जमीन आधी केली की तिची कड वाटेल तिथे संपते. प्लास्टरचं कापड कडेला पातळ होऊन कुरळं होतं. काम करताना कोपर टेकला की फोमचा कोपरा झडतो. मग त्या वेड्यावाकड्या रेषेला पट्टी जुळवत बसायचं आणि राहिलेल्या फटी बुजवायच्या. पट्टी आधीच उभी असेल तर प्लास्टर तिच्यापर्यंत येऊन थांबतं. कडेला जाडी मिळते आणि जमीन पट्टीला भिडते.

याहून मोठा फायदा असा की जमिनीची रेषा आपण ठरवून काढतो. जाड पुठ्ठ्याची पट्टी चौकटीला क्लॅम्पने लावायची. भराव कुठे उतरणार, मोरी कुठे येणार, कटिंग (डोंगर कापून केलेली वाट) कुठे सुरू होणार हे पेन्सिलीने तिच्यावर काढायचं आणि चार पावलं मागे जाऊन बघायचं. पटलं नाही तर खोडायचं. नजरेला पटलेली रेषा मग हार्डबोर्डवर उतरवायची. वळणांसाठी ३ मिमीचा हार्डबोर्ड, सरळ भागासाठी ६ मिमीचा प्लाय.

दुसरं मत: रंग गडद आणि मॅट हवा, सगळीकडे एकच. काळा किंवा काळ्याच्या जवळचा करडा. १९४०च्या दशकात अमेरिकेतले मॉडेल रेल्वेवाले फ्रँक एलिसन यांनी लेआउटकडे रंगमंच म्हणून पाहायला शिकवलं: गाड्या म्हणजे पात्रं, देखावा म्हणजे नेपथ्य. प्रकाश मंचावर असतो, त्याच्या चौकटीवर नसतो. पट्टीला गवताचा हिरवा दिला की नजर त्या हिरव्यातही गवत शोधते. लेआउटवरच्या गवतात पाच-सहा छटा असतात, तंतू असतात, सावल्या असतात. त्याला खेटून सपाट रंगाचा हिरवा पट्टा आला की मेहनतीने केलेलं गवत खोटं वाटायला लागतं.

हिरवळ

रंगाबद्दल अजिबात सहमत नाही.

तुम्ही एका भिंतीवरचा छोटा लेआउट डोळ्यांपुढे ठेवून बोलताय. खोलीभर फिरणारा, आत-बाहेर वळणारा लेआउट घ्या. वीत-दीड वीत उंचीचा काळा पट्टा चारही बाजूंनी फिरतो, समोरासमोर येतो, मधल्या चिंचोळ्या वाटेत दोन्हीकडून अंगावर येतो. त्या वाटेत तासन्‌तास उभं राहून गाड्या चालवायच्या असतात. शिवाय काळ्या मॅट रंगावर बोटांचे ठसे, खडीची धूळ, प्लास्टरचे शिंतोडे सगळं उठून दिसतं. पुसायला जावं तर पुसलेली जागा चकाकते.

आणि गवताचा हिरवा द्या असं म्हणतंय कोण? मी मातीचा रंग देते. जमिनीला पहिला हात ज्या रंगाचा दिला, त्यातच थोडा गडद तपकिरी मिसळून पट्टीला द्यायचा. जमीन उभी कापली तर आत मातीच दिसणार ना? म्हणून नजरेला तिथे काही अडत नाही. गवत संपलं, माती दिसली, पुढे लेआउट नाही. काळ्या पट्टीत मात्र देखावा एकदम तुटतो. सूर्यप्रकाशातला दुपारचा देखावा आणि त्याच्या खाली रात्र, हे मला तरी बघवत नाही.

रंधा

रंग तुम्ही दोघं ठरवा, मी क्रमाबद्दल बोलतो. जमिनीआधी कडपट्टी म्हणजे आधी कळस मग पाया.

रूळ टाकून झाले तरी लेआउट बदलत असतो. यार्डाची लाइन थोडी लांबवावीशी वाटते, सायडिंगचं टोक सरकतं, एखादं वळण बाहेर ओढावं लागतं. पक्की कापलेली, रंगवलेली पट्टी असली की माणूस तो बदल करायला कचरतो आणि चुकीचा रूळ तसाच राहतो. दुसरं म्हणजे ओलावा. देखाव्याचं सगळं काम पाण्याचं: प्लास्टर, पातळ केलेला गोंद, खडीवर मारायचा फवारा. हार्डबोर्डची कापलेली धार पाणी पिऊन फुगते. फुगलेली धार परत बसत नाही, घासली तर तिचे तंतू निघतात. आणि कामभर आपण त्या कडेवर वाकलेले असतो. पट्ट्याच्या बक्कलाचे ओरखडे कोण मोजणार?

माझी रीत अशी. जमीन घालताना कडेला साध्या पुठ्ठ्याचा तात्पुरता बांध. जमीन पूर्ण सुकली की बांध काढायचा. सर्वांत उंच टेकडीपेक्षा थोडी उंच हार्डबोर्डची पट्टी चौकटीला क्लॅम्प करायची आणि मागून, जमिनीच्या कडेने पेन्सिल टेकवत रेघ मारायची. पट्टी उतरवून जिगसॉने रेघेच्या दोनेक मिलिमीटर वरून कापायची, उरलेलं पॉलिश पेपरने रेघेपर्यंत आणायचं. मग दोन्ही बाजूंना आणि विशेषतः धारेला प्रायमर. बसवताना जमीन आणि पट्टी यांच्यामध्ये किचनमधली पातळ प्लास्टिक फिल्म ठेवायची आणि फट कागदाचा लगदा व प्लास्टर यांच्या मिश्रणाने बुजवायची. सुकल्यावर फिल्मचा वर आलेला भाग ब्लेडने कापला की सांधा दिसत नाही. उद्या पट्टी काढायची वेळ आली तर स्क्रू सोडले की ती सुटी होते, जमिनीचा टवका उडत नाही.

सिग्नलकेबिन

रंधा, फिल्मची युक्ती उत्तम आहे, पण ती पट्टी आधी बसवूनही करता येते. ओलाव्यासाठी धारेला आधीच प्रायमरचे दोन हात आणि वरून मास्किंग टेप. काम झालं की टेप काढायची. तुम्ही जो पुठ्ठ्याचा बांध घालता तीही आधी बसवलेली कडपट्टीच आहे, फक्त टाकाऊ. म्हणजे काहीतरी कड आधी लागते हे तुम्हालाही मान्य आहे.

रंधा

कड लागते, पक्की लागत नाही. माझा मुद्दा तोच आहे. पुठ्ठा फाडताना कुणाला वाईट वाटत नाही.

फिरता संच

आमच्यासारखे मॉड्यूलवाले, म्हणजे लेआउटचे सुटे, ने-आण करता येणारे तुकडे बनवून ते जोडणारे, या वादात बसतच नाहीत. फ्री-मो या मॉड्यूल जोडायच्या अमेरिकन पद्धतीत मॉड्यूलच्या टोकाची फळी २४ इंच रुंद, ६ इंच उंच आणि जमिनीपासून रुळाच्या माथ्यापर्यंतची उंची ५० इंच ठरलेली. युरोपातल्या फ्रेमो या तशाच मंडळाची एचओसाठीची (१:८७ मापाच्या गाड्यांसाठीची) उंची १३०० मिमी. दहा जणांची मॉड्यूलं एका रांगेत लागतात तेव्हा प्रत्येकाने आपल्या आवडीचा रंग दिला तर रांगेतली सगळी एकसंधता जाते. मंडळाने एक रंग ठरवावा आणि त्याचा नंबर लिहून ठेवावा, म्हणजे नंतर हात मारताना छटा चुकत नाही. कोणता रंग यावर मी भांडणार नाही.

भांडेन ते मटेरियलवर. ने-आण करताना पहिला मार कोपऱ्यांना बसतो. एमडीएफचा कोपरा एकदा दबला की भुसा होतो. आमच्याकडे ६ मिमी प्लायच चालतो, आणि कोपऱ्याला लाकडी पट्टी. पट्टीचा वरचा काठ जमिनीपेक्षा केसभर वर ठेवा, म्हणजे मॉड्यूल आडवं टेकवलं तरी गवत घासत नाही.

नदीकाठ

कडेला पाणी येत असेल तिथे काय करायचं हे कुणीच बोललं नाही. खरी कसोटी तिथे आहे.

नदी लेआउटच्या कडेपर्यंत आली की दोन पर्याय. एक, पट्टी पाण्याच्या पातळीपर्यंत वर घ्यायची, म्हणजे पाण्याचा छेद झाकला जातो. दुसरा, पट्टीला नदीच्या तळापर्यंत खाच कापायची आणि पाण्याची खोली समोरून दिसू द्यायची. मी दुसरा निवडते. पाण्यासाठी रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रसायन) ओतताना बांध म्हणून कडक प्लास्टिकची शीट लावायची, आतून पॅकिंग टेप (टेपच्या गुळगुळीत बाजूला रेझिन चिकटत नाही) आणि बाहेरून सिलिकॉनने फटी बंद. सिलिकॉनमध्ये हात आखडता घेऊ नका. टाचणीएवढं भोक राहिलं तरी रेझिन रात्रभर ठिबकत जमिनीवर येतं. पातळ थरांत ओता, एकदम ओतलं तर तापतं आणि तडे जातात. सुकल्यावर बांध सोडला की दिसतं, बांधाला लागून रेझिन थोडं वर चढलेलं असतं. तो काठ घासून, पॉलिश करून सपाट करावा लागतो.

मग छेद दिसतो: वर हिरवट पाणी, खाली गढूळ, तळाशी वाळू. आणि त्या खाली सिग्नलकेबिन यांचा काळा रंग? पाणी अधांतरी लटकल्यासारखं दिसतं. तिथे मातीच हवी. या बाबतीत मी हिरवळ यांच्या बाजूने.

सिग्नलकेबिन

म्हणून मी पहिला पर्याय घेतो. पट्टी पाण्याच्या पातळीपर्यंत. नदीचं काम खोली दाखवणं नाही, गाडी पुलावरून जाताना खाली पाणी असणं आहे. छेद दाखवला की लोक गाडी सोडून रेझिन बघत बसतात.

नदीकाठ

बघू देत की. पुलाखाली पाणी आहे, तर त्या पाण्याला तळही आहे.

शेवटचा डबा

तुम्ही सगळे रंगात आणि क्रमात अडकलात. कडपट्टीचं पहिलं काम गाडी खाली पडू न देणं आहे.

१३० सेंमी उंचीवरून एचओचं इंजिन फरशीवर पडलं तर १:८७च्या मापाने ते ११३ मीटर खोल दरीत पडलं. डोंगर सुंदर दिसेल, पण इंजिनाचा बफर, कपलर, कधी कधी गिअरचा डबाही जातो. रूळ कडेपासून ५ सेंमीच्या आत असेल तर पट्टी रुळाच्या माथ्यापेक्षा दोन-तीन सेंमी वर यायलाच हवी, विशेषतः वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणि सांध्यांच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांच्या) पुढे, कारण वाघिणी घसरतात त्या तिथेच. देखावा झाकायचा नसेल तर तेवढ्या भागात पारदर्शक अॅक्रिलिक लावा. स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडा आणि आवळून बसवू नका, नाहीतर भोकापासून तडा जातो.

उघडझाप

अॅक्रिलिकला माझा विरोध. फोटोत प्रत्येक दिवा त्यात उमटतो, आणि काही दिवसांत ते ओरखड्यांनी धुरकट होतं. वळणाच्या बाहेर जमीनच थोडी वर उचला, बुटका बांध, दगडी कठडा, झुडपांची रांग. घसरलेली वाघीण तिथे टेकते.

कॅमेऱ्याच्या बाजूने रंगाबद्दलही सांगते. मोठा काळा भाग चौकटीत आला की कॅमेरा दृश्य अंधारं समजून फोटो उजळ करतो, आणि मागचं आकाश पांढरंफट्ट पडतं. एक्स्पोजर हाताने कमी करता येतं, पण नवख्याला ते कळत नाही आणि तो दिव्यांना दोष देतो. मध्यम तपकिरी पट्टीत हा प्रश्न येत नाही.

शेवटचा डबा

झुडपांची रांग वाघीण अडवेल. डब्यांची पूर्ण गाडी ओढणारं इंजिन नाही अडवणार. माझं अॅक्रिलिक राहील.

हिरवळ

सिग्नलकेबिन यांना एक विनंती. मत पक्कं करण्याआधी एवढं करा: काळा, करडा आणि मातकट अशा तीन रंगांचे लांब कागद कडेला चिकटवा, लेआउटचे दिवे लावा, खोलीचे बंद करा. मग खोलीचे लावून परत बघा. तुमचा काळा फक्त खोलीत अंधार असताना जिंकतो असं माझं म्हणणं आहे. पाहुणे बहुतेक वेळा खोलीचे दिवे लागलेले असतानाच येतात.

सिग्नलकेबिन

कागदाची चाचणी योग्य आहे, ती सगळ्यांनीच करावी. पण निष्कर्ष उलटा काढतो. खोलीचे दिवे लागल्यावर देखावा फिका पडत असेल तर दोष प्रकाशयोजनेचा आहे. पट्टीचा रंग बदलून तो झाकू नये. लेआउटच्या वर झालर लावा, तिच्या आड दिवे लपवा, खोलीचे दिवे मंद करा. झालर आणि कडपट्टी एकाच गडद रंगाची झाली की मधला देखावाच तेवढा उजळ राहतो. नुसती कडपट्टी काळी आणि वर काहीच नाही, तर हिरवळ म्हणतात तसं ती जड दिसते, हे खरं आहे.

कंट्रोलर

अजून एक गोष्ट, कारण सगळे पट्टीला नुसती बघायची वस्तू समजताय. सांधे बदलायच्या खेच-ढकल दांड्या, कंट्रोलर अडकवायचे कप्पे, डीसीसीचे (गाड्या डिजिटल संदेशांनी चालवायच्या पद्धतीचे) प्लग, स्टेशनची नावं, सगळं तिच्यावरच येतं. म्हणून उंची ठरवताना आत काय बसणार हे आधी लिहून काढा. बाहेर आलेला प्रत्येक मुठ्ठा चिंचोळ्या वाटेत कमरेला लागतो आणि यार्डातला सांधा गाडीखाली बदलतो. खोलगट डबी आत बसवून मुठ्ठा तिच्यात ठेवला की हा त्रास संपतो. या हिशोबाने मी सिग्नलकेबिन यांच्याबरोबर आहे: पट्टी आधी, कारण डोंगर झाल्यावर मागून भोक पाडायला ड्रिल शिरत नाही.

रंगाचं म्हणाल तर गडद पट्टीवर पांढरी अक्षरं लांबून वाचता येतात. मातकटावर पांढरं आणि काळं दोन्ही मळकट दिसतं.

रंधा

भोकं पट्टी उतरवून टेबलावर पाडता येतात, म्हणून तर मी स्क्रूने बसवतो. गोंदाने चिकटवलेली कडपट्टी मला कुठल्याही रंगात मान्य नाही. आणि दोन पट्ट्या जिथे मिळतात तिथे पुट्टी भरून सांधा लपवायला जाऊ नका. ऋतू बदलला की लाकूड हलतं आणि पुट्टीला केसासारखी चीर पडते. दोन्ही धारांना रंध्याने किंचित उतार द्या, बारीक खाच दिसू द्या, आणि तो सांधा चौकटीच्या उभ्या फळीवरच आणा, म्हणजे दोन्ही टोकांना स्क्रू धरायला लाकूड मिळेल.