शब्दचर्चा : 'ले मिशनरी'ला मराठीत काय म्हणायचं?

सदर, नागपूर : ऑक्टोबरातल्या शेवटून दुसऱ्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये मिशन संडे, म्हणजे मिशनकार्यासाठी प्रार्थनेचा रविवार असतो. यंदा चर्चचं मराठी पत्रक माझ्या गळ्यात पडलं. इंग्रजीतल्या 'ले मिशनरी'चं, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या घरसंसारी मिशनरीचं, मी 'सामान्य धर्मप्रचारक' केलं. आजीला वाचायला दिलं, तर तिनं चष्मा काढून कागद परत केला. "मी कुठं प्रचार केला बापा? शेजारणीचं बाळंतपण काढलं, तिच्या लेकराला जेऊ घातलं, एवढंच." शब्द चुकला की आजी?

धरमपेठ : शब्दच. 'सामान्य मिशनरी' म्हणजे जनरल डब्यातला मिशनरी वाटतो. 'धर्मप्रचारक' त्याहून वाईट. गल्लीत त्याचा एकच अर्थ निघतो आणि तो आजींना लागू नाही. शिवाय आपल्याकडे 'मिशन' म्हणजे आवार : मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना. मग मिशनरी कोण, तर त्या फाटकाच्या आतला झगेवाला. वसईकडच्या चर्चच्या मराठीत 'ले'साठी 'प्रापंचिक' रुळलाय. तो घ्या.

महाल : नको. 'तो पुरता प्रापंचिक झाला' म्हणजे परमार्थ सुटला, असंच ऐकत आलोय.

सेमिनरी हिल्स : वारीला कोण जातं मग? शेतकरी, दुकानदार, लेकुरवाळ्या बाया. प्रपंच न सोडता परमार्थ, यात मराठी माणसाला नवीन काय? 'ले'च्या मुळाशी ग्रीक 'लाओस' आहे, म्हणजे जनता. (कानाला 'लोक' जवळचा वाटतो, पण व्युत्पत्ती वेगळी.)

खरी गंमत 'मिशन'मध्ये आहे. लॅटिन 'मित्तेरे' म्हणजे पाठवणं. त्यातूनच 'मिशन' आला आणि आपला 'मिस्सा'ही, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना. लॅटिन मिस्साच्या शेवटी 'इते, मिस्सा एस्त' म्हणतात : जा, पाठवणी झाली. मांडवातून निघालेली मुलगी माहेर सोबत घेऊन जाते, तसली पाठवणी. आणि ती कुणाची? बाकांवर बसलेल्यांची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १८ नोव्हेंबर १९६५ ला प्रापंचिकांसाठी आदेशपत्र काढलं, त्यात हेच आहे : हा हक्क आणि हे कर्तव्य बाप्तिस्मा व दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा विधी) या संस्कारांतून येतं. फादरांनी आपलं काम उसनं दिलं, असं नाही.

उदाहरण हवं असेल तर फ्रान्समधल्या लियोंची पोलिन जारिको. सिस्टर नव्हती ती. दहा-दहा जणांचे गट केले, प्रत्येकानं आठवड्याला एक सू, म्हणजे एक नाणं, द्यायचं आणि मिशनसाठी प्रार्थना करायची. भिशीच म्हणा, फक्त उचल गटातल्या कोणाचीच नाही. त्यातून १८२२ मध्ये श्रद्धाप्रसाराची संस्था उभी राहिली. २०२२ मध्ये चर्चनं पोलिनला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

धरमपेठ : मग 'प्रेषित' आहेच की. प्रेषित म्हणजे पाठवलेला. पाकिटावर आपण 'प्रेषक' लिहितो, त्याचाच भाऊ.

महाल : प्रेषित म्हटलं की पेत्र-पौल आठवतात, नाहीतर पैगंबर. आजी पुन्हा चष्मा काढतील.

सेमिनरी हिल्स : म्हणून माणसाला नाव देऊच नका, कामाला द्या. 'प्रापंचिकांचं प्रेषितकार्य'.

सदर, नागपूर : तेच टाकलं. आजीला दाखवलं तर म्हणते, "त्यापेक्षा पाठवणी बरं होतं." पण आता कागद डीटीपीवाल्याकडे गेलाय, आणि पहिल्या प्रुफात त्यानं 'प्रेक्षितकार्य' करून ठेवलंय.